पेशीचा स्नेहांश

तासगावच्या बेदाणा-व्यवसायात ‘डिपिंग ऑइल’ हा नित्याचा शब्द आहे. मेदाम्लापासून बनलेले हे तेल पोटॅशियम कार्बोनेटसह पाण्यात कालवून त्यात द्राक्षे बुडविली, की सालीवरील मेणाचा थर सैल होतो आणि आतील पाणी लवकर बाहेर पडते. फळाचा ओलावा अशा एका पातळ स्निग्ध थरावर अवलंबून असतो. मानवी पेशीचे आवरणही स्निग्ध द्रव्यांचेच, दोन पदरी असते.

ज्या पेशीपासून रक्त, मज्जा, स्नायू अशा निरनिराळ्या पेशी घडू शकतात, तिला मूलपेशी म्हणतात. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातील अशा पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही मूलपेशींवर संशोधन चालते.

काचपात्रातील पेशीला अन्न पुरवावे लागते. त्यासाठी गाईच्या गर्भाच्या रक्तातील द्रव सर्रास वापरला जाई. अहिंसाव्रती मनाला हे खटकणारेच. शिवाय प्रत्येक खेपेचा गुण निराळा. २०११ साली थॉमसन यांच्याच प्रयोगशाळेने केवळ आठ घटकांचे माध्यम सिद्ध केले. त्यातून अल्ब्युमिन हे प्रथिन वगळले गेले; परंतु त्याला चिकटून येणारी मेदाम्लेही त्यासोबत गेली.

पेशी दुभंगताना तिला नवे आवरण लागते. आयता मेद न मिळाल्यास ती साखरेपासून तो घडविते आणि तिच्यावरील भार वाढतो. दुसरीकडे, गुणसूत्रांची नक्कल करताना या पेशींवर मुळातच ताण असतो. मेदाचा तुटवडा त्यात भर घालतो, असे अलीकडील प्रयोग सुचवितात. मात्र अतिरेकही घातकच. असंतृप्त मेद तेलाप्रमाणे खवट झाला, तर त्यातून निघणारी द्रव्ये थेट डीएनएला इजा करतात. म्हणून मेद हवा, पण मोजका आणि ताजा. वनस्पतिजन्य स्रोतांतूनही तो मिळू शकतो.

सदोष पेशी मरून गेली तर प्रश्न मिटतो. ती वेगाने वाढू लागली, तर मात्र पाहता पाहता सारे पात्र व्यापते. १, १२, १७ व २० या गुणसूत्रांचे जादा भाग अशा संवर्धनात वारंवार आढळले आहेत. यांतील काही बदल कर्करोगाच्या पेशींतही दिसतात.

मूलपेशी उपचारांच्या जाहिराती आज घरोघरी पोहोचतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारादी मान्य आजारांवरील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य वापर संशोधनातच मोडतो आणि त्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेणे उचित नाही. अशा वेळी कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत: पेशी कोणत्या माध्यमात वाढविल्या, त्यांच्या गुणसूत्रांची तपासणी केव्हा झाली, आणि तिचा लेखी अहवाल कोठे आहे? बेदाण्याचा नमुना हातात घेऊन पाहिल्याशिवाय सौद्यात बोली न लावणाऱ्या व्यापाऱ्याला हे प्रश्न विचारण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.