अर्धी खतं कान्होबाची

नंदनवनात राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगताना जगनाडे चौक टाळता येत नाही. संताजी जगनाडे म्हणजे तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे. आजच्या विषयाला हे नाव फार बरं आहे, कारण विषय आहे घरातल्या घरात दिलेल्या उसन्या पैशांचा. तिथे बोलणं पुष्कळ होतं, लिहून मात्र कोणीच ठेवत नाही.

आणि घरात कोणी पैसे परत मागितले की तुकोबा हमखास निघतातच. "त्यांनी सगळी खतं इंद्रायणीत बुडवली, अन् तू सख्ख्या भावाला तारखा विचारते?" इति आमच्या मातोश्री.

मंडळी, महिपतींनी सांगितलेली ती कथा पुन्हा एकदा आठवा. तुकोबांच्या घरात सावकारी होती, लोकांकडून येणं होतं, कर्जखतं होती. ती बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, वाटणी केली. अर्धी खतं कान्होबाच्या हातात दिली आणि फक्त आपल्या वाट्याची अर्धी नदीत टाकली. दुसऱ्याच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपल्याकडे नदी तेवढी लक्षात राहिली, वाटणी सगळे विसरले. माझे ९० हजार बुडवायचे की नाही हे मी ठरवीन ना! ज्याने घेतले त्याने, किंवा आईने, कसं ठरवायचं?

तर ९० हजार. दादाला दुकानाच्या डिपॉझिटसाठी कमी पडत होते. मी दोनदा खात्यातून खात्यात पाठवले. "सहा महिन्यांत देतो" हे तोंडी. दुकान चाललं, छान चाललं. मग दारात नवी गाडी आली, हप्त्यावर. तिथे एक मजा पाहिली. बँकेचा हप्ता चुकला की बँकेतून फोन येतो. बहिणीचा चुकला की रविवारी सकाळी तर्री-पोहे येतात. पोहे उत्तम असतात, तक्रार नाही, पण तोंडात घास असताना माणसाने विषय काढायचा कसा? बाहेरच्या माणसाकडे पैसे असतील तर त्याच्या दारी जाता येतं, दोन शब्द बोलून घरी परतता येतं. इथे परतायचं घर तेच. संध्याकाळी तोच पोळ्यांचा डबा पुढे सरकवतो.

पण खरी अडचण ही नाहीच. खरी अडचण म्हणजे, "तू इथेच राहते, इथेच जेवते, त्याचं काय?" हे वाक्य. कमावती मुलं-मुली आईवडिलांकडे राहतात त्या प्रत्येक घरात ते कधी ना कधी येतं, आणि समोरचा गप्प होतो. मला ते मुळातच चुकीचं वाटतं. माझ्या राहण्या-जेवण्याचा खर्च आईबाबा करतात. त्यासाठी मी किराणा आणि लाइटचं बिल भरते. कमी पडत असेल तर सांगा, वाढवून देईन. पण ते देणं आईबाबांचं. ते दादाच्या कर्जातून कसं वळतं होईल? दोन खाती वेगळी आहेत. ती एकत्र केली की फायदा नेहमी घेणाऱ्याचाच होतो.

मुलीच्या बाबतीत आणखी एक पळवाट असते. "तुझ्या लग्नात लावूच ना आम्ही." म्हणजे माझेच पैसे मला आहेर म्हणून! (मामी, तुम्ही हे वाचत असाल तर हसू नका, तुमच्या पाटल्यांचं काय झालं ते मला ठाऊक आहे.) लग्नानंतरही सुटका नाहीच. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करायची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते, हे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं.

"घरचेच पैसे, जातात कुठे?" असं म्हणणाऱ्यांनी १९६३ चा मुदत कायदा पाहावा. परतीची मुदत ठरलेली नसेल तर उसने पैसे दिल्याच्या तारखेपासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. कायदा भाऊ-बहीण पाहत नाही. त्या ३ वर्षांच्या आत घेणाऱ्याने "इतके देणं आहे" असं लिहून सही केली की मुदत तिथून पुन्हा सुरू होते. मुदत संपल्यावरही त्याने फेडण्याचं लेखी, सहीनिशी वचन दिलं तर १८७२ च्या करार कायद्यात त्याला जागा आहे. अगदीच जमलं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाकडून लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणूनही नेता येतं, दोघं राजी असतील तर तडजोड होते. आणि २० हजार किंवा त्याहून मोठी रक्कम उसनी द्यायची तर रोख नको, आयकराचा कायदा आडवा येतो.

भावाला कोर्टात खेचा असं मी म्हणत नाहीये. मी दोन वर्षं संपायच्या आत वहीचं एक पान फाडलं. तारीख, रक्कम, दर महिन्याच्या १० तारखेला ५ हजार, खाली दोघांच्या सह्या. वहिनीलाही बसवलं, कारण तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिला वाटायचं मी ते दुकानासाठी भेट दिले. दादा दोन दिवस घुम्यासारखा होता. आईला तर तो कागद अजूनही आवडत नाही. दुधाचा हिशोब मात्र ती स्वतः कालनिर्णयवर रोजच्या रोज लिहिते. असो.

आतापर्यंत ७ हप्ते आले, ५५ हजार राहिले आहेत. या महिन्याचा १२ तारखेला आला. मी ११ ला सकाळी, चहा घेताना, सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, हप्ता?" तो म्हणाला, "उद्या टाकतो." आणि आम्ही परत पेपर वाचायला लागलो.