विश्लेषण : नर्सरीच्या मुलांना टाय आणि बेल्ट कशासाठी?

जून उजाडला की गणवेशाच्या दुकानांत झुंबड उडते. त्यात पहिलीच्या वर्गात बसायलाही तीन वर्षे बाकी असलेली मुले असतात. शाळेने दिलेल्या यादीत इस्त्रीचा शर्ट, हुकाची पॅंट, इलॅस्टिकची टाय, बक्कलचा बेल्ट, काळे बूट, मोजे आणि कार्टूनचे चित्र असलेले दप्तर असे सगळे असते. पालक ती निमूटपणे विकत घेतात. फोटोही छान येतात.

अडचण कुठे येते?

स्वच्छतागृहात. तीन वर्षांच्या मुलाला ‘लागली’ हे कळते आणि प्रत्यक्ष होते यांत फार वेळ नसतो. तेवढ्या वेळात त्याने बक्कल सोडवायची, हुक काढायचा आणि चेन उघडायची. घरी इलॅस्टिकची चड्डी स्वतः खाली करणारे मूल शाळेत मावशींची वाट बघत उभे राहते. मावशी एक, मुले पंचवीस. चड्डी ओली झाली की चूक मुलाची ठरते आणि ‘अजून सांगता येत नाही का?’ हा प्रश्न आईला ऐकावा लागतो. दुसऱ्या दिवशी मूल शाळेच्या दारातच रडते किंवा पाणी प्यायचेच टाळते. याला मुलाचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. खरी अडचण बक्कलची असते. मुलाला स्वतः काढता-घालता येईल तोच त्याचा गणवेश असायला हवा. म्हणजे सैल सुती शर्ट, इलॅस्टिकची चड्डी आणि वेलक्रोच्या पट्टीची चप्पल किंवा सॅंडल. मुंबई-कोकणच्या पावसात बंद बूट आणि भिजलेले मोजे चार तास पायांत ठेवण्यात कसली आली शिस्त?

दप्तर हवेच का?

नको. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दप्तरच नाही. पुढच्या वर्गांसाठीही दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावे, असे ते सांगते. हेच माप तीन वर्षांच्या मुलाला लावले तर वजन साधारण १३ किलो, म्हणजे ओझे सव्वा किलो. एक लिटरची भरलेली बाटलीच त्यातला एक किलो खाते. पाव लिटरची बाटली पुरते.

एका लहान पिशवीत कपड्यांचा एक पूर्ण जोड (चड्डी दोन), ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी, रुमाल आणि डबा असला की झाले. डबा मुलाला स्वतः उघडता यायला हवा. चारी बाजूंनी खटके लागणारे महागडे डबे अनेकदा मोठ्यांनाही दाद देत नाहीत. घरी दोन-तीनदा तालीम करून घ्यावी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात. द्राक्षे द्यायचीच तर उभी चिरून द्यावीत. पोळीचा छोटा रोल, इडलीचे तुकडे, मऊ थालीपीठ यांत कमीपणा काही नाही.

काय घालू नये?

गळ्यातली साखळी, पैंजण आणि छातीवर सेफ्टी पिनने टाचलेला रुमाल. ही पिन पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण ती उघडली तर टोचणार तीन वर्षांच्या मुलालाच. रुमालाला नाडी शिवून ती बटणात अडकवली तरी काम भागते.

शाळा म्हणतात, गणवेशाने सगळी मुले सारखी दिसतात. ते खरे आहे. पण सारखेपणासाठी एका रंगाचा टी-शर्टही पुरतो, आणि तो टाय-बुटांपेक्षा स्वस्त पडतो. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, ती परवडणाऱ्या, गावातच मिळणाऱ्या साधनांवर. टायवाचून तिथे कुणाचे काही अडले नाही. पालकसभेत चार-पाच पालकांनी मिळून हा विषय काढला, तर निदान पावसाळ्यापुरती सवलत मागता येईल.

राहता राहिला रेनकोट. खुंटीवर वीस पिवळे रेनकोट टांगलेले असतात आणि आत लिहिलेले नाव मुलाला वाचता येत नाही. नाव बाईंसाठी असू द्यावे. मुलासाठी टोपीच्या आत लाल कापडाचा तुकडा शिवावा. तो त्याला लांबूनही ओळखता येतो.