मुलगा की मुलगी? आधी बाळाची तपासणी

कोल्हारच्या एका वाचक आपांनी पत्रातून प्रश्न विचारला आहे. दुसऱ्या गावी, नात्यातल्या एका घरी बाळ झालं. बाळाचे अवयव पाहून मुलगा की मुलगी हे ठरत नाही. दादींनी मोहल्ल्यात ‘मुलगा झाला’ असं सांगून टाकलं आहे. आता घरात चर्चा चालू आहे की नाव काय ठेवायचं, अकीक्याला एक बकरा की दोन, सुंता कधी. काहींचं म्हणणं, “मुलगा म्हणूनच वाढवा, निभावून जाईल.” आपा विचारतात, हे योग्य आहे का?

पत्र मिळालं त्याच दिवशी आपांना फोन करून सांगितलं की बाळाला आजच दवाखान्यात न्यायला लावा. उत्तर इथे छापतो आहोत, कारण असा प्रसंग आणखी कुणाच्या घरीही येऊ शकतो.

पहिले सहा-सात आठवडे पोटातल्या सगळ्या बाळांची घडण सारखीच असते. पुढे वाय गुणसूत्र असेल तर वृषणं तयार होतात, त्यांतून हार्मोन निघतात आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बाहेरचे अवयव मुलाचे बनतात. या टप्प्यांत कुठे कमीजास्त झालं तर अवयव अस्पष्ट राहतात. यात कुणाचं पाप नाही, नजर लागलेली नाही आणि आईने काय खाल्लं याचाही संबंध नाही.

पण घाई करायची ती तपासणीची. यामागचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार. जगात साधारण 10 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. आतून पूर्ण मुलगी असलेल्या बाळाचे बाहेरचे अवयव यात मुलासारखे दिसू शकतात. अशा अनेक बाळांच्या अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढत नाही, उलट्या करतं, वजन घटतं, मलूल पडतं. तेव्हा उशीर झाला तर जीव जातो. वेळेत कळलं तर रोजच्या औषधावर हेच बाळ वाढतं, शिकतं, संसारही करतं. लपवाछपवीत गेलेला एकेक दिवस म्हणून महाग पडतो.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून सुनेला बोल लावू नका. नात्यात लग्न झालेलं असेल तर त्याची शक्यता वाढते. अशा जोडप्याच्या पुढच्या प्रत्येक बाळाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. पुढचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

कोल्हारच्या आसपासच्या घरांना लोणीचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय जवळ आहे. गरज पडल्यास पुण्याचं ससून किंवा मुंबईचं वाडिया बालरुग्णालय. बालरोगतज्ज्ञांना गुणसूत्रांची तपासणी, रक्तातले हार्मोन आणि क्षार, पोटाची सोनोग्राफी याबद्दल विचारा. आणि सुंता मुळीच उरकू नका. काही मुलांत लघवीचं छिद्र टोकाऐवजी खाली असतं. ते दुरुस्त करताना शल्यचिकित्सकाला तीच कातडी लागते. एकदा कापली की परत मिळत नाही.

शस्त्रक्रियेचा निर्णयही घाईचा नाही. जिवाला धोका नसताना, फक्त दिसण्यासाठी तान्ह्या बाळावर अशी शस्त्रक्रिया करू नये, असं मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आणि तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी तिला मनाई केली. मोठं झाल्यावर त्या मुलाचंही म्हणणं ऐकायचं असतं.

आता दीनचा प्रश्न. आपल्या फिकहमध्ये अशा व्यक्तीला खुन्सा म्हणतात. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात तिच्यावर वेगळं प्रकरणच आहे. नमाजच्या सफीत तिची जागा कुठे, वारशात हिस्सा किती, याची चर्चा फकिहांनी शेकडो वर्षांपूर्वी केली. हिशेबावर मतभेद आहेत, पण तिला घराबाहेर काढा असं कुणी म्हटलेलं नाही. मक्केच्या फिकह अकादमीने 1989 मध्ये ठरवलं की ज्याचे अवयव स्पष्ट आहेत त्याने लिंगबदल करणं जायज नाही. मात्र ज्याच्या शरीरातच दोन्ही खुणा आहेत, त्याच्या बाबतीत ज्या खुणा जास्त ठळक त्या धराव्यात आणि त्यासाठी उपचार करता येतात. म्हणजे उपचार करून घेणं अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ ठरत नाही.

अकीका सुन्नत आहे, फर्ज नाही, आणि तो पुढे ढकलता येतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबा. नावाची घाई असेल तर नूर, शमीम, नसीम अशी दोन्हीकडे चालणारी नावं आहेत. जन्माची नोंद 21 दिवसांत करा. नाव मागाहून घालता येतं.

राहिला “मुलगा म्हणूनच वाढवा” हा सल्ला. शेजारी बीड जिल्ह्यातलं उदाहरण वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं आहे. माजलगाव तालुक्यातल्या ललिता साळवे मुलगी म्हणून वाढल्या आणि 2010 मध्ये महिला पोलीस शिपाई झाल्या. पुढे तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं. 2017 मध्ये उपचारासाठी रजा मागितली तेव्हा ती नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2018 मध्ये गृहखात्याने परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू झाल्या. आज ते ललित साळवे आहेत. 2020 मध्ये लग्न झालं, 2024 मध्ये बाप झाले. लहानपणी तपासणी झाली असती तर एवढी वर्षं मनात कोंडमारा झाला नसता.

‘मुलगा बरा’ हे ठरवताना आपण शरीर पाहत नाही, दर्जा पाहतो. शरीर काय आहे, मन स्वतःला काय मानतं आणि समाज काय काम सांगतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेल्या आजाराच्या मुली लहानपणी पुष्कळदा मुलांचे खेळ खेळतात, तरी त्यांतल्या बहुतेक मोठेपणी स्वतःला बाईच मानतात. मुलीने चेंडू खेळला म्हणून ती मुलगा होत नाही. मुलाने पीठ मळलं तर तो मुलगी होत नाही. प्रेषित (स.) घरात घरच्यांच्या कामाला लागत, असं हजरत आयेशा (र.) सांगतात. हजरत खदीजा (र.) व्यापार करत.

म्हणून आपा, त्या घराला निरोप द्या. मोहल्ल्याला ‘बाळ झालं, दुआ करा, तपासण्या चालू आहेत’ एवढंच सांगावं, ते खरंही आहे. आईला एकटं पाडू नये. उद्या डॉक्टर मुलगी म्हणाले तर मिठाई तेवढीच वाटावी, मुलगा म्हणाले तरी तेवढीच. आणि वर्षानुवर्षं नक्की सांगता आलं नाही, तरी ते मूल घरातच वाढावं, शाळेत जावं आणि वारशात त्याचा हक्काचा हिस्सा त्याला मिळावा.