फोटोग्राफी वर्कशॉपची फी भरण्याआधी : तुमचे फसलेले फोटो कोण पाहणार?

सोमवती अमावास्या जवळ आली की जेजुरीच्या ‘फोटो टूर’च्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. थंडीत भिगवणचे रोहित पक्षी, आषाढी वारीच्या वेळी दिवे घाटातली पालखी. जाण्या-येण्याची सोय, नाश्ता, तज्ज्ञांचे मार्गदर्शन आणि शेवटी प्रमाणपत्र. मीही एकदा जेजुरीला असाच गेलो होतो. आम्ही १८ जण होतो. मार्गदर्शकांनी उभे राहायची जागा दाखवली, शटर स्पीड सांगितला. रात्री ग्रुपवर सगळ्यांचे फोटो आले, तेव्हा जवळजवळ एकच फोटो १८ वेळा आल्यासारखे वाटले. भंडारा मात्र सगळ्यांचाच छान उधळला होता!

फोटोग्राफी शिकायला गुरू हवाच, याबद्दल वाद नाही. पण आपल्याला चांगल्या जागी नेऊन उभे करणे हे काही गुरूचे खरे काम नव्हे. आपले फोटो, त्यातही फसलेले, त्याने आपल्या शेजारी बसून पाहायला हवेत. ज्या वर्कशॉपमध्ये हे होत नाही, ती सहल असते. सहलीला जरूर जावे, फक्त ती सहल आहे हे समजून पैसे भरावेत.

मोबाइलच सगळे करतो, मग शिकायचे काय?

आजचा फोन एकदा बटण दाबले की बऱ्याचदा पाठोपाठ अनेक फोटो घेतो आणि ते जोडून एक तयार करतो. सावलीतला चेहरा उजळतो, आकाशही पांढरे पडू देत नाही. त्यामुळे सेटिंग शिकवण्यातच दोन दिवस घालवणारे वर्कशॉप मोबाइलवाल्यांच्या फारसे उपयोगाचे नाही. स्क्रीनवर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो, ही गोष्ट पाच मिनिटांत समजते.

आजीच्या डोक्यामागून विजेचा खांब उगवला आहे, हे फोन सांगत नाही. दोन पावले पुढे जायला हवे होते, की मुलगा वळून हसेपर्यंत थांबायला हवे होते, हेही तो सांगत नाही. आणि आपली चूक अशी की फसलेले फोटो आपण लगेच डिलीट करतो. नेमके कुठे चुकलो, याचा पुरावाच त्याबरोबर जातो.

फिल्मच्या काळात काय वेगळे होते?

एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल धुतला की सगळ्या फ्रेम एकाच कागदावर, काढल्या त्याच क्रमाने छापत. तो कॉन्टॅक्ट शीट. शिकवणारा भिंगातून एकेक फ्रेम पाही आणि पेन्सिलीने खुणा करी. विद्यार्थी एखाद्या दृश्याभोवती कसा फिरला, कुठे घाबरला, कुठे घाईने निघून गेला, सगळे त्या कागदावर दिसे.

रघू राय यांचे उदाहरण घ्या. ते शिकले स्थापत्य अभियांत्रिकी. थोरले बंधू एस. पॉल मात्र नावाजलेले छायाचित्रकार होते. १९६५च्या सुमारास रघू राय यांनी एका खेड्यात गाढवाच्या पिल्लाचा फोटो काढला. तो एस. पॉल यांनी लंडनच्या ‘द टाइम्स’कडे पाठवला आणि तो छापूनही आला. फोटो धाकट्या भावाचाच, पण त्यात काहीतरी आहे हे ओळखले थोरल्याने. पुढे १९७७मध्ये आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांचे नाव ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी सुचवले.

मग फी भरण्याआधी काय विचारावे?

माझे फोटो तुम्ही आधी पाहणार का? एका मार्गदर्शकामागे किती जण असतील? महिन्याभराने पुन्हा भेटणार का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ओळखून घ्या. शिवाय त्याने स्वतः काढलेले फोटो पाहाच, पण त्याच्या विद्यार्थ्यांचेही मागा. ते सगळे गुरूच्याच फोटोंसारखे दिसत असतील, तर तिथे नक्कल शिकवली जाते.

आणखी एक प्रकार खटकतो. अंधाऱ्या खोलीत एका वृद्धाला बसवायचे, हातात विडी द्यायची, कवडशात धूर सोडायला लावायचा आणि १० जणांनी खटाखट फोटो घ्यायचे. स्पर्धेत हा फोटो ‘ग्रामीण जीवन’ म्हणून जातो. समोरच्या माणसाला आधी विचारावे आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली घ्यावा, हे शिकवणारा गुरू मला लेन्सची माहिती देणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

गुरूसाठी दर वेळी मोठी फी मोजावी लागते असेही नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७पासून आहे, इतर शहरांतही कॅमेरा क्लब आहेत. तालुक्याच्या गावी असाल, तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली एक लग्नसराई काढा. अक्षता पडायच्या क्षणी कुठे उभे राहायचे, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. फावल्या वेळात त्याच्यासमोर आपला फोन ठेवा. निवडलेले १० नकोत, एका सकाळचे सगळे ३६ ठेवा, काढले त्याच क्रमाने, एकही डिलीट न करता.