बिलातला 'भूल चार्ज' नेमका कुणाचा?



बारामती असो की इंदापूर, दवाखान्याचं बिल हातात पडलं की आपण खालचा आकडा बघतो आणि पैशाची जुळवाजुळव सुरू करतो. मधल्या ओळी कुणी वाचत नाही. त्यातली एक ओळ मात्र वाचत जा: 'ॲनेस्थेशिया चार्जेस'.

सिझर किंवा मोठं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञ येतात, शेवटपर्यंत पेशंटच्या उशाशी थांबतात. त्यांची फी रास्तच आहे. पण दुर्बिणीची तपासणी, हाड बसवणं, क्युरेटिंग अशा छोट्या कामांत कधी कधी तेच डॉक्टर मिडाझोलामसारखं गुंगीचं इंजेक्शन देतात आणि तेच काम उरकतात. भूलतज्ज्ञ आलेच नाहीत, तर त्यांच्या नावची फी कशाची?

गुंगी देणाऱ्या डॉक्टरांनी पैसे घेऊच नयेत, असं मी म्हणत नाही. औषध, ऑक्सिजन, मॉनिटर, जोखीम, सगळ्याला मोल आहे. दर वेळी भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, हेही खरं. पण जे केलं तेच बिलात लिहा की! अमेरिकेत २०१७ पासून यासाठी वेगळे कोड आहेत. काम करणाऱ्याच डॉक्टरने गुंगी दिली तर एक, दुसऱ्याने दिली तर दुसरा. आणि पहिल्या प्रकारात पेशंटवर लक्ष ठेवायला वेगळा प्रशिक्षित माणूस लागतोच.

खरा मुद्दा इथंच आहे. गुंगीच्या औषधानं श्वास मंदावू शकतो. डॉक्टरांची नजर दुर्बिणीत असताना पेशंटच्या श्वासाकडे कोण बघतंय? कागदावर भूलतज्ज्ञ आणि खोलीत कुणीच नाही, हा प्रकार खिशाला लागतोच, पण जिवावरही बेतू शकतो.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. त्यात भूल शुल्क आहे आणि भूल सहाय्यकाचं शुल्कही आहे. आपल्या दवाखान्यात तो फलक आहे का, बघा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस असेल तर भुलीचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो. वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा.

सही करण्याआधी तीनच गोष्टी विचारा:
१. भूल की नुसती गुंगी?
२. देणार कोण, आणि त्या वेळी पेशंटकडे लक्ष कोण ठेवणार?
३. त्याचा चार्ज किती, आणि बिलात कुणाच्या नावावर?

प्रामाणिक डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येणार नाही. तरीही बिलात घोळ निघालाच तर तपशीलवार बिल मागा, तो आपला हक्क आहे. दाद मिळाली नाही तर औंधला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्यांच्यापर्यंत हे नक्की पोचवा.