बऱ्याच म्हणजे किती?

डॉक्टरांच्या परिषदेत संशोधन मांडायचे तर आधी सारांश पाठवावा लागतो. साधारण अडीचशे-तीनशे शब्द; त्यात हेतू, पद्धत, काय आढळले आणि त्यावरून काय ठरले. एरंडोलच्या आमच्या वस्तीतील एक मुलगी मेडिकलला आहे. तिने असा कागद आम्हांस दाखविला. आम्ही कारकून, रोग कळत नाहीत, हिशेब कळतो. 'बऱ्याच रुग्णांना गुण आला', असे लिहिले होते. बऱ्याच म्हणजे किती, कितींपैकी? पाचांतले दोन आणि शंभरांतले चाळीस, टक्के सारखेच. भरवसा सारखा नाही. "काका, परत मोजते," म्हणाली.

पुष्कळ ठिकाणी सारांश लेखकाचे नाव झाकून तपासतात. आडनाव वाचून कपाळाला आठ्या घालण्याची तिथे सोय नाही! नैतिक समितीची परवानगी मात्र काम सुरू करण्याआधी घ्यावी, मागाहून नव्हे.

डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातील देहेडचे, गरीब शेतकऱ्याचा मुलगा. चवदार तळ्याच्या महाडकडे ते विंचूदंशाचे रुग्ण तपासत, एकेकाची नोंद ठेवत. ती निरीक्षणे १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापली.