गंजलेल्या तारांची साक्ष

३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबी येथील झुलता पूल मच्छू नदीत कोसळून १३५ जणांनी प्राण गमावले. गर्दी फार झाली, हे सर्वांच्या तोंडचे पहिले कारण. परंतु विशेष तपास पथकाने तुटलेला मुख्य दोर पाहिला, तेव्हा ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या आढळल्या. त्या अपघातापूर्वीच तुटल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे गर्दी पुलावर चढली, तेव्हा तो दोर जवळजवळ निम्माच उरला होता!

साक्षीदार फितूर होतात, गंज होत नाही. मात्र अवशेष हलविण्यापूर्वी ते जाणत्याच्या नजरेखालून गेले पाहिजेत. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळभेट आवश्यक ठरविली आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास कमाल शिक्षा पाचच वर्षे! तेव्हा तेवढ्याच कलमाखाली नोंदलेला पुलाचा वा कारखान्याचा अपघात या सक्तीबाहेर राहतो. ही उणीव सरकारने विनाविलंब दूर करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मृतांच्या आप्तांना भरपाई मिळते. मृत्यूचे खरे कारण कळण्याचाही त्यांना हक्क आहे.